'नॉट ओन्ली' नेमकं कुठं ठेवायचं?

इस्लामपुरात दहावीच्या वर्गात विचारा, बारावीच्या वर्गात विचारा, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत विचारा. इंग्रजी व्याकरणातली एक अडचण हमखास सांगितली जाते. "'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरा म्हणतात. अर्थ कळतो. पण ते 'नॉट ओन्ली' वाक्यात ठेवायचं कुठं? सरांनी दुसऱ्याच जागी ठेवलं की तेही बरोबर असतं, आणि मी ठेवलं की चूक!"

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलानं दहा वर्षं ही भाषा पाहिलेली असते. तरी हा प्रश्न उरतो, कारण नियम पाठ होतो आणि त्यामागचं कारण कुणी सांगत नाही. हे कारण मराठी माणसाला पटकन कळण्यासारखं आहे. या प्रकरणात तिथूनच सुरुवात करू.

१. एकटे शब्द आणि जोडीचे शब्द

दोन शब्दांना किंवा दोन वाक्यांना जोडणाऱ्या शब्दाला आपण शाळेत उभयान्वयी अव्यय म्हणतो. 'आणि', 'किंवा', 'पण' ही त्याची रोजची उदाहरणं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आपलं मराठी व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर बेतलेलं होतं. त्यामुळं शब्दांच्या जातींची ही मांडणी दोन्ही भाषांच्या शालेय पुस्तकांत जवळपास सारखीच दिसते. मराठीत 'आणि' ज्या खान्यात बसतं, इंग्रजीत 'अँड' त्याच खान्यात बसतो.

काही उभयान्वयी शब्द मात्र एकटे येत नाहीत. त्यांचा एक भाग आधी येतो, दुसरा थोडा अंतर ठेवून मागून येतो. इंग्रजीतल्या मुख्य जोड्या पाच:

'बोथ... अँड': हेही आणि तेही.
'आयदर... ऑर': हे किंवा ते, दोहोंपैकी एक.
'नायदर... नॉर': हेही नाही, तेही नाही.
'नॉट ओन्ली... बट ऑल्सो': हेच नव्हे, तर तेही.
'व्हेदर... ऑर': हे की ते, असा संशय किंवा पर्याय.

जोडीनं काय साधतं? 'राम अँड श्याम केम' म्हटलं तर राम आणि श्याम आले, एवढंच कळतं. 'बोथ राम अँड श्याम केम' म्हटलं की दोघंही आले, एकही राहिला नाही, असा जोर येतो. पहिला शब्द कानावर पडताच ऐकणाऱ्याला कळतं की अजून एक भाग यायचा आहे. 'आयदर' ऐकलं की तो 'ऑर'ची वाट बघतो.

२. आपला 'च' आणि आपला 'ही'

आता मूळ कारणाकडं येऊ. ही दोन मराठी वाक्यं वाचा.

शंकर ऊसच नव्हे, तर हळदही पिकवतो.
शंकर ऊस पिकवतोच, शिवाय गूळही करतो.

जोर कशावर आहे ते आपल्याला 'च' आणि 'ही' सांगतात. हे दोन्ही शब्दांना चिकटून येतात. पहिल्या वाक्यात 'च' उसाला चिकटला आहे, म्हणून तुलना उसाची आणि हळदीची. दुसऱ्यात तो पिकवण्याला चिकटला आहे, म्हणून तुलना पिकवण्याची आणि करण्याची. चिकटलेले असल्यामुळं वाक्य कसंही फिरवा, 'हळदही पिकवतो शंकर, ऊसच नव्हे', तरी गोंधळ होत नाही. शब्द जिथं जाईल तिथं त्याचा 'च' सोबत जातो.

इंग्रजीत असं चिकटणारं काही नाही. 'ओन्ली' आणि 'ऑल्सो' सुटे उभे राहतात. मग ते कुणासाठी उभे आहेत हे ओळखायचं कसं? जागेवरून. ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या लगेच पुढ्यात त्यांना उभं करायचं. मराठीत जे काम प्रत्ययासारखा चिकटलेला 'च' करतो, ते इंग्रजीत जागा करते.

आता वरचीच वाक्यं इंग्रजीत करू.

'शंकर ग्रोज नॉट ओन्ली शुगरकेन बट ऑल्सो टर्मरिक.' तुलना ऊस आणि हळद यांची, म्हणून 'नॉट ओन्ली' उसाच्या पुढ्यात.

'शंकर नॉट ओन्ली ग्रोज शुगरकेन बट ऑल्सो मेक्स जॅगरी.' तुलना पिकवणं आणि गूळ करणं यांची, म्हणून 'नॉट ओन्ली' क्रियापदाच्या पुढ्यात.

'नॉट ओन्ली शंकर बट ऑल्सो हिज ब्रदर ग्रोज टर्मरिक.' इथं तुलना माणसांची, म्हणून 'नॉट ओन्ली' अगदी सुरुवातीला.

तीन वाक्यं, तीन जागा, तिन्ही बरोबर. सरांनी दुसऱ्या जागी ठेवलेलं बरोबर का असतं, याचं उत्तर इथं आहे. त्यांचं वाक्य वेगळी तुलना करत असतं. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणा आणि 'च' कुठं चिकटतो ते बघा. 'नॉट ओन्ली'ची जागा तिथंच.

३. जू सरळ राहिलं पाहिजे

पहिल्या शब्दाची जागा मिळाली. आता दुसऱ्याची. गळीत हंगामात साखराळ्याच्या कारखान्याकडं उसाची बैलगाडी जाताना पाहिली असेल. जुवाखालचे दोन बैल उंचीनं आणि ताकदीनं सारखे असतील तर जू सरळ राहतं. एक उंच आणि एक ठेंगणा जुंपला तर जू तिरकं होतं आणि गाडी एका अंगाला ओढते. जोडीच्या शब्दांचंही तसंच आहे. पहिल्या शब्दामागं जे येतं, त्याच जातीचं दुसऱ्यामागं यायला हवं. एकामागं नाम, तर दुसऱ्यामागं नाम. एकामागं क्रियापद, तर दुसऱ्यामागंही क्रियापद.

आता हे वाक्य तपासा: 'शंकर नॉट ओन्ली ग्रोज शुगरकेन बट ऑल्सो टर्मरिक.' 'नॉट ओन्ली'मागं 'ग्रोज' हे क्रियापद आहे, 'बट ऑल्सो'मागं 'टर्मरिक' हे नाम. जोडी जमली नाही. परीक्षेत सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

छोट्या शब्दांचीही हीच शिस्त. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही गोष्ट इंग्रजीत सांगायची झाली तर:

'सांगली इज नोन नॉट ओन्ली फॉर टर्मरिक बट ऑल्सो फॉर रेझिन्स.' बरोबर. दोन्हीकडं 'फॉर'.
'सांगली इज नोन फॉर नॉट ओन्ली टर्मरिक बट ऑल्सो रेझिन्स.' हेही बरोबर. 'फॉर' बाहेर राहिला, आत दोन्हीकडं नुसती नामं.
'सांगली इज नोन नॉट ओन्ली फॉर टर्मरिक बट ऑल्सो रेझिन्स.' चूक. 'फॉर' एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही.

'आयदर'चंही हेच. 'आय विल आयदर गो टु कराड ऑर टु कोल्हापूर' यात एकीकडं 'गो' आहे, दुसरीकडं नुसतं 'टु कोल्हापूर'. दुरुस्ती सोपी आहे: 'आय विल गो आयदर टु कराड ऑर टु कोल्हापूर.'

तपासायची युक्ती अशी. जोडीचे दोन्ही शब्द बोटानं झाका आणि वाक्य दोनदा वाचा. एकदा पहिला तुकडा घेऊन, एकदा दुसरा. 'आय विल गो टु कराड': पुरं वाक्य. 'आय विल गो टु कोल्हापूर': तेही पुरं. म्हणजे जोडी जमली. चुकलेल्या वाक्यावर हीच युक्ती केली तर 'आय विल गो टु कराड' ठीक वाटेल, पण 'आय विल टु कोल्हापूर' जिभेला लगेच खटकेल.

एक खुलासा. बोलताना इंग्रज लोकही 'ओन्ली' आणि 'आयदर' इकडंतिकडं सरकवतात, आणि समोरच्याला समजतंही. आवाजाचा चढउतार तिथं मदतीला असतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून अर्जात, अहवालात आणि उत्तरपत्रिकेत जागा सांभाळावी लागते.

४. क्रियापद कुणाचं ऐकतं?

समजा, जोडीत एक कर्ता एकवचनी आहे आणि एक अनेकवचनी. मग 'इज' लिहायचं की 'आर'?

'बोथ... अँड' असेल तर विचार करायलाच नको. दोघंही आले म्हणजे अनेकवचन. 'बोथ द फार्मर अँड हिज सन आर हिअर.'

'आयदर... ऑर', 'नायदर... नॉर' आणि 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या तिन्ही जोड्यांत मात्र क्रियापद आपल्या शेजाऱ्याचं ऐकतं. जो कर्ता जवळ, त्याचं वचन.

'नायदर द फार्मर नॉर द बुलक्स आर टायर्ड.' शेजारी बैल, म्हणून 'आर'.
'नायदर द बुलक्स नॉर द फार्मर इज टायर्ड.' शेजारी शेतकरी, म्हणून 'इज'.

हे विचित्र वाटत असेल तर आपलीच भाषा ऐका. 'त्यानं एक पेन, दोन वह्या आणि एक पुस्तक घेतलं.' आता क्रम बदला: 'त्यानं एक पेन, एक पुस्तक आणि दोन वह्या घेतल्या.' वस्तू त्याच, पण क्रियापद शेवटच्या नामाप्रमाणं बदललं. शेजाऱ्याचं ऐकायची ही सवय मराठी क्रियापदालाही आहे, फक्त आपण ती न शिकता उचललेली असते. इंग्रजीत दोनपैकी एक नाम अनेकवचनी असेल तर ते शेवटी ठेवावं, वाक्य कानाला बरं लागतं.

अडचण येते ती 'तू' आणि 'मी' एकत्र आल्यावर. 'आयदर यू ऑर आय ॲम राँग' नियमानं बरोबर आहे, पण ऐकायला अवघड. अशा वेळी वाक्यच मोडून लिहावं: 'आयदर यू आर राँग ऑर आय ॲम.' प्रत्येकाला त्याचं क्रियापद मिळालं.

५. नकार एकदाच

'त्यानं भात किंवा भाकरी काहीच खाल्लं नाही.' मराठीत नकाराला 'काहीच', 'कुणीही', 'कधीच' अशी कुमक लागते. 'कुणीही आलं नाही' हे आपलं रोजचं वाक्य. त्याच चालीवर इंग्रजी लिहिलं की असं होतं: 'ही डिड नॉट ईट नायदर राइस नॉर भाकरी.'

'नायदर'च्या पोटातच नकार आहे. वर 'नॉट' दिला की नकार दोनदा होतो आणि प्रमाण इंग्रजीत ती चूक धरतात. दोन मार्ग आहेत. 'नॉट' काढायचा असेल तर 'ही एट नायदर राइस नॉर भाकरी.' 'नॉट' ठेवायचा असेल तर 'नायदर... नॉर'ऐवजी 'आयदर... ऑर': 'ही डिड नॉट ईट आयदर राइस ऑर भाकरी.' अर्थ दोन्हींचा एकच.

आणि जोड्या अदलाबदल करू नयेत. 'नायदर'चा जोडीदार 'नॉर', 'आयदर'चा 'ऑर'. 'बोथ'चा जोडीदार 'अँड', 'ॲज वेल ॲज' नव्हे. दोनांमधलं सांगणाऱ्या 'बिट्वीन'चीही अशीच गाठ 'अँड'शी आहे. 'इस्लामपूर लाइज बिट्वीन द कृष्णा अँड द वारणा' म्हणावं. आपण 'कृष्णेपासून वारणेपर्यंत' म्हणतो म्हणून तिथं 'टु' घालू नये. 'टु'ची जोडी 'फ्रॉम'शी.

६. मराठीत जोडी, इंग्रजीत एकटा

आतापर्यंतच्या जोड्या इंग्रजीच्या होत्या. मराठीच्याही आपल्या जोड्या आहेत: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जसा–तसा, जितका–तितका. यातला एक शब्द वगळला तर वाक्य अधू वाटतं. इथूनच चुकांचा दुसरा मोठा गठ्ठा येतो, कारण इंग्रजीत यातल्या बऱ्याच ठिकाणी एकच शब्द पुरतो.

'जरी पाऊस होता तरी बाजार भरला.' याचं शब्दशः इंग्रजी: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द मार्केट वॉज फुल.' चूक. 'ऑल्दो' किंवा 'बट', दोहोंपैकी एकच घ्या.

'तो आजारी होता, म्हणून आला नाही' हे सांगताना 'बिकॉज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' असं लिहिलं जातं. 'बिकॉज' आणि 'सो' एकाच वाक्यात एकच काम करतात. एकाला सुट्टी द्या.

'जर–तर'ला मात्र थोडी सूट आहे. 'इफ' पुरतो. मागं 'देन' आला तरी चालतो, पण तो गरजेचा नसतो.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकण्याची जुनी वाट भाषांतराची. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यानपिढ्या घरोघरी वापरली गेली. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, हा तिचा रस्ता. रस्ता भक्कम आहे. फक्त जोडीच्या शब्दांपाशी तिथं थांबून बघावं लागतं. मराठीतले दोन्ही शब्द पलीकडं न्यायचेच असतात असं नाही.

मग 'दो... येट' ही जोडी काही व्याकरणांत का दिसते? आपल्याकडं गाजलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण १९३०च्या दशकातलं. त्यातले पी. सी. रेन भारतात शिक्षण सेवेत नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' या १९२४च्या साहसकादंबरीचे लेखकही होते. त्या काळच्या पुस्तकी इंग्रजीत 'दो' मागून 'येट' येणं रुळलेलं होतं. त्यामुळं 'दो ही इज पुअर, येट ही इज ऑनेस्ट' चूक नाही, जुन्या वळणाचं आहे. आजच्या लिखाणात 'येट' गळतो. 'बट' मात्र त्या जागी तेव्हाही चालत नव्हता, आताही चालत नाही.

७. परीक्षेतली अदलाबदल

राज्य मंडळाच्या परीक्षेत 'वाक्य अमुक शब्द वापरून पुन्हा लिहा' या प्रकारात आपल्या जोड्या लागतात. दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण: 'ॲज वेल ॲज' काढून 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' घालणं. वाक्य घेऊ: 'द टीचर ॲज वेल ॲज द स्टुडंट्स इज हॅपी.' मराठीत याचा अर्थ 'मुलं तर आहेतच, शिक्षकही आनंदात आहेत.' नवी, जोराची बातमी शिक्षकाची आहे, आणि क्रियापदही त्याचंच ऐकतं. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'मध्ये जोराची बातमी शेवटी येते. म्हणून क्रम उलटतो: 'नॉट ओन्ली द स्टुडंट्स बट ऑल्सो द टीचर इज हॅपी.' आता 'इज'चा शेजारी शिक्षक झाला, त्यामुळं क्रियापद बदलावंही लागलं नाही. क्रम उलटायचा विसरलात तर 'इज' ठेवावं की 'आर', इथं अडकाल. ते अडकणं हीच चुकीची खूण.

दुसरं ठिकाण: वाक्याच्या सुरुवातीला नकार. 'नॉट ओन्ली' क्रियेसाठी असेल आणि अगदी आधी आणला, तर पुढं प्रश्नासारखी रचना येते. 'नॉट ओन्ली डिड ही पास, बट ही ऑल्सो स्टूड फर्स्ट.' कर्त्याच्या आधी 'डिड' आला, आणि त्यामुळं 'पास्ड'चं 'पास' झालं.

'नो सूनर... दॅन' ही जोडीही अशीच चालते. साधं वाक्य: 'ॲज सून ॲज द बस रीच्ड पेठ नाका, इट स्टार्टेड रेनिंग.' बदललेलं: 'नो सूनर डिड द बस रीच पेठ नाका दॅन इट स्टार्टेड रेनिंग.' इथं 'दॅन' का, 'व्हेन' का नाही? 'सूनर' म्हणजे 'अधिक लवकर'. हे तुलनेचं रूप आहे, आणि इंग्रजीत तुलनेमागं 'दॅन' येतो, जसा 'टॉलर दॅन', 'बिगर दॅन'. 'हार्डली'मध्ये तुलना नाही, म्हणून त्याचा जोडीदार 'व्हेन': 'हार्डली हॅड द बस रीच्ड पेठ नाका व्हेन इट स्टार्टेड रेनिंग.' कारण कळलं की या दोन जोड्या पुन्हा एकमेकींत मिसळत नाहीत.

८. करून पाहा

खालच्या प्रत्येक वाक्यात जोडी बिघडली आहे. उत्तरं झाकून ठेवा आणि आधी दुरुस्त करा.

(अ) 'शी इज नॉट ओन्ली गुड ॲट मॅथ्स बट ऑल्सो ॲट सायन्स.'
(आ) 'नायदर द सरपंच ऑर द मेंबर्स वॉज प्रेझेंट.'
(इ) 'इन ऑगस्ट २०१९, बोथ द कृष्णा ॲज वेल ॲज द वारणा वेअर इन फ्लड.'
(ई) 'ऑल्दो ही स्टडीड हार्ड, बट ही फेल्ड.'
(उ) 'नो सूनर द बेल रँग व्हेन द चिल्ड्रन रॅन आउट.'

उत्तरं:

(अ) 'शी इज गुड नॉट ओन्ली ॲट मॅथ्स बट ऑल्सो ॲट सायन्स.' मराठीत 'गणितातच नव्हे, तर विज्ञानातही'. 'च' विषयाला चिकटतो, हुशारीला नाही.

(आ) 'नायदर द सरपंच नॉर द मेंबर्स वेअर प्रेझेंट.' इथं चुका दोन: जोडीदार आणि वचन.

(इ) 'बोथ द कृष्णा अँड द वारणा वेअर इन फ्लड.' 'बोथ'ला 'अँड'च हवा. 'वेअर' मात्र बरोबरच होतं.

(ई) 'ऑल्दो ही स्टडीड हार्ड, ही फेल्ड.' किंवा 'ही स्टडीड हार्ड, बट ही फेल्ड.'

(उ) 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.' रचना उलटली, 'रँग'चं 'रिंग' झालं, आणि 'व्हेन'च्या जागी 'दॅन' आला.

(अ) चुकलं असेल तर दुसरा आणि तिसरा भाग पुन्हा वाचा. बाकीच्या चुका पाठांतरानं सुटतील, ही मात्र 'च' ओळखल्याशिवाय सुटणार नाही.